पदवी किती टनाची?

— ऊस विकास अधिकारी



या पानावर मी एरवी बेणे, खत, हुमणी आणि तांबेरा यांविषयी लिहितो. परंतु जून-जुलै महिन्यांत अडसाली लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट ऑफिसात येणारा निम्मा माणूस उसाची नोंद दोन मिनिटांत उरकतो आणि खुर्ची पुढे ओढून दुसरेच विचारतो. परवा एक तात्या आले. नोंदीच्या चिठ्ठीवर सही केली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "सायेब, नातीला सीईटीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडल्यात. पुण्याला कॉम्प्युटरला लागंल न्हवं?"

मी कृषी पदविकेचा माणूस. दहावीनंतर दोन वर्षांची पदविका केली, ॲग्री ओव्हरसिअर म्हणून कारखान्यात लागलो आणि बांधावरच शिकत गेलो. पदवीच्या प्रवेशाचे शास्त्र मला कोणी शिकवले नाही. गेल्या वर्षी घरच्याच प्रवेशात हात पोळले तेव्हा ते कळले. त्यामुळे हे शहाण्याचे बोल नव्हेत, ठेच लागलेल्याचे आहेत असे समजून वाचावे.

पहिली गोष्ट तात्यांच्या अठ्ठ्याऐंशीची. सीईटीचा आकडा टक्के नव्हे, पर्सेंटाइल असतो. टक्के म्हणजे शंभर गुणांपैकी मिळालेले गुण. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. काट्यावरून शंभर गाड्या गेल्या, त्यांत अठ्ठ्याऐंशी तुमच्या गाडीइतक्या किंवा तिच्याहून हलक्या भरल्या आणि बारा भारी भरल्या, तर तुमची गाडी अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइलची. बारा म्हणजे फार नाहीत असे वाटते. पण परीक्षेला समजा तीन लाख पोरे बसली असतील, तर त्या बारा टक्क्यांचे छत्तीस हजार होतात. छत्तीस हजार पोरे नातीच्या पुढे उभी आहेत, आणि पुण्याच्या सीओईपीत कॉम्प्युटरची जागा खुल्या गटात नव्व्याण्णवच्याही वर बंद होते. तात्यांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पण मग यादी उघडून बसलो, आणि त्याच आकड्याला बऱ्या कॉलेजांतल्या बऱ्या शाखा निघाल्या. आकडा वाईट नव्हताच, फक्त चुकीच्या मापाने मोजला जात होता.

ही यादी म्हणजे कट-ऑफची यादी. राज्याचा सीईटी कक्ष दरवर्षी प्रत्येक फेरीनंतर ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतो. कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, कोणत्या गटातून शेवटचा प्रवेश कितव्या गुणवत्ता क्रमांकावर आणि किती पर्सेंटाइलवर झाला हे त्यात छापलेले असते. फुकट मिळते. तरीही आपल्याकडे लोक क्लासवाल्याला, नाहीतर गावातल्या एखाद्या शिकलेल्या पाहुण्याला विचारतात आणि तो सांगेल ते खरे धरतात. शेजाऱ्याने एकरी ऐंशी टन काढले म्हणून आपण त्याचीच जात आपल्या चोपण रानात लावत नाही. तीन हंगाम बघतो, माती बघतो, मग बेणे आणतो. इथेही तसेच तीन वर्षांच्या याद्या समोर ठेवाव्यात. पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांक जास्त बघावा, कारण परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वर्षागणिक कमी-जास्त होते आणि तेवढ्याच पर्सेंटाइलला क्रमांक बदलतो.

यादीतली अक्षरे पहिल्यांदा डोके फिरवतात. "जी-ओपन-एच" असे काहीतरी लिहिलेले असते. त्यातले पहिले अक्षर "जी" म्हणजे सर्वांसाठी, "एल" म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला शब्द प्रवर्गाचा. शेवटचे अक्षर मात्र आपल्या लोकांच्या नजरेतून हमखास सुटते. "एच" म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांसाठीच्या जागा, "ओ" म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातून येणाऱ्यांच्या आणि "एस" म्हणजे राज्यपातळीवरच्या. कोल्हापूर, सांगली, सातारा हे शिवाजी विद्यापीठाचे क्षेत्र. आपल्या पोराने पुण्याच्या खाजगी कॉलेजाची "एच"ची ओळ वाचून आशा धरली तर ती खोटी आशा. त्याने "ओ"ची ओळ वाचायला हवी, कारण पुण्यात तो बाहेरचा. उलट आपल्याच भागातल्या कॉलेजात "एच"च्या जागा जास्त असतात आणि तिथे आपली बाजू बळकट असते. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचे, सांगलीचे वालचंद १९४७ चे. घरापासून एसटीच्या अंतरावर ही कॉलेजे असताना काही लोक पुण्याच्या नावाला भुलून कुठल्या कुठे जातात, याचे मला नवल वाटते. असो, ज्याची त्याची आवड.

आता माझी ठेच. मुलीचा २०२५ चा प्रवेश. पसंतीक्रमाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, इकडे लागणीच्या नोंदींची गर्दी. मी तिला घेऊन संगणक केंद्रावर गेलो आणि भरणाऱ्या मुलाला म्हटले, "बाबा, तूच भर, तुला माहीत असेल." तो म्हणाला, "साहेब, हे जवळचं कॉलेज पहिलं टाकू, इथं जागा नक्की आहे. मोठी कॉलेजं खाली टाकू, लागली तर लागली." मला ते पटले. व्यवहारी वाटले. मुलगी काहीतरी बोलत होती, पण मी घाईत होतो.

पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे कॉलेज लागले. आनंदाने पेढे आणले. संध्याकाळी मुलीने शांतपणे सांगितले की पहिली पसंती मिळाली की जागा गोठते. पुढच्या फेऱ्या बंद. आणि यादी लागल्यावर बघितले तर, तिला मनातून हवे असलेले कॉलेज आणि हवी असलेली शाखा तिच्या क्रमांकाच्या खाली जाऊन बंद झाली होती. म्हणजे वर लिहिले असते तर मिळाले असते. ती काही बोलली नाही. तेच जास्त लागले.

म्हणून हे नीट समजून घ्या. यंत्रणा तुमच्या पोराचा गुणवत्ता क्रमांक आला की त्याचा फॉर्म वरून खाली वाचत जाते आणि जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती देते. वर मोठे कॉलेज लिहिले आणि ते मिळाले नाही, म्हणून खालचे हातचे जात नाही. काहीही दंड नाही. त्यामुळे फॉर्ममध्ये "काय मिळेल" याचा क्रम लावायचा नसतो, "काय हवे" याचा लावायचा असतो. सर्वांत हवेहवेसे वर, मग त्याखालचे, असे करत शेवटी ज्या कॉलेजांच्या गेल्या तीन वर्षांच्या याद्या आपल्या क्रमांकाच्या बऱ्याच खाली बंद झाल्या आहेत अशी चार-सहा नावे. ती शेवटची नावे म्हणजे पावसाने दगा दिला तर विहिरीचे पाणी. आणि जे मिळाले तरी जायचे नाही ते लिहूच नये. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा गोठत होती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. नियमांत दरवर्षी फरक पडतो, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय फॉर्मला हात लावू नये. दुसऱ्याकडून भरून घेतला तरी सादर करण्याआधी पोराने स्वतः क्रम वाचावा.

जागा मिळणे हा अर्धा भाग. उरलेला अर्धा पैशाचा, आणि तिथे आपण सभासद मंडळी भावनेने चालतो. "पोरासाठी काय बी करू" हे ऐकायला छान वाटते, पण त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. मी तो टनात मांडून बघितला. उसाचा दर रिकव्हरीप्रमाणे कारखान्यागणिक बदलतो. २०२५-२६ हंगामाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये होता. तोडणी-वाहतूक वजा जाता सोयीसाठी ३,००० धरू. एकरी ४० टन धरले तर १ लाख २० हजार झाले. नांगरट, सरी, बेणे, भांगलण, खते, पाणीपट्टी, वीज मिळून त्यातले निम्मे गेले असे समजा. म्हणजे सोसायटीचे वळते होऊन घरात टनामागे दीड हजार रुपये आले. कोणाचे थोडे जास्त, कोणाचे कमी; आपापला आकडा घालावा.

आता खाजगी कॉलेजची फी धरू. शिक्षण शुल्क १ लाख, विकास शुल्क वगैरे १० हजार, दहा महिन्यांची खोली आणि मेस ९० हजार, पुस्तके आणि येणे-जाणे २० हजार. वर्षाला २ लाख २० हजार. दीड हजाराने भागा. १४७ टन! पावणेचार एकर उसाचा सगळा नफा, आणि तोही चार वर्षे सलग. त्यात अडसाली ऊस रानात दीड वर्ष उभा असतो, म्हणजे तेच रान दरवर्षी पैसे देत नाही. दोन एकरवाल्या सभासदाने हा आकडा पहिल्या वर्षीच बघितला पाहिजे. तिसऱ्या वर्षी बघितला तर फक्त कर्ज दिसते.

पण हा आकडा खाली आणता येतो, आणि बहुतेकांना तो किती खाली येतो हे ठाऊक नसते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, ज्या घराचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे त्या मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन देते. वरच्या हिशेबात ५० हजार गेले. १४७ टनांचे ११३ राहिले. मुलगी असेल तर त्याहून सरस. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क १०० टक्के माफ केले. म्हणजे त्याच कॉलेजात मुलीला १ लाख २० हजार लागतील, ८० टन. अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांसाठीच्या योजना वेगळ्या आहेत. हे सगळे अर्ज महाडीबीटीवर करायचे असतात. शिवाय प्रत्येक कॉलेजात शाखानिहाय ५ टक्के जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. त्या मंजूर जागांहून वेगळ्या असतात, गुणवत्तेवर भरतात, उत्पन्नाची अट तीच ८ लाखांची. त्यांचा सांकेतिक क्रमांक पसंतीच्या फॉर्ममध्ये वेगळा टाकावा लागतो. न टाकणाऱ्याला ती जागा कधीच मिळत नाही, आणि ती घेतली की मग कॉलेज वा शाखा बदलता येत नाही. चांगल्या क्रमांकाच्या गरीब पोराने हा क्रमांक विसरला असे मी दोनदा पाहिले आहे.

राहण्या-खाण्याच्या खर्चाला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. त्यात अल्पभूधारकांच्या मुलांचा विचार केलेला आहे. आणि ज्यांचे कॉलेज घरापासून रोज जाण्यासारखे आहे त्यांनी मेस-खोलीचे ९० हजार वाचवले म्हणजे वर्षाला ६० टन उसाचा नफा वाचवला. दीड एकर! पुण्याच्या आणि जवळच्या दोन सारख्याच कॉलेजांत निवड करताना हे दीड एकर पारड्यात टाकून बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांची कमवा आणि शिका ही कल्पनाही अजून जिवंत आहे. बऱ्याच विद्यापीठांत आणि कॉलेजांत ती योजना चालते, त्यात काम करणाऱ्या पोराला कोणी कमी समजत नाही.

एक अट मात्र सगळ्या सवलतींच्या मुळाशी आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शाहू महाराज योजना नाही, मुलींची माफी नाही. आपल्याच एका सभासदाने वीस गुंठे विकून मुलाची अशी जागा घेतली. नाव लिहीत नाही, गाव ओळखेल. भरलेल्या पैशांतल्या मोठ्या भागाची पावती नव्हती. महाराष्ट्रात १९८७ पासून देणगी घेऊन प्रवेश देण्यास कायद्याने बंदी आहे आणि प्रत्येक खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. ती फी संकेतस्थळावर बघता येते. पावती मिळत नाही ते पैसे देऊ नयेत, एवढे तरी आपण पाळू. त्याच मुलाला प्रक्रियेच्या तिसऱ्या फेरीत दुसऱ्या शाखेची जागा निम्म्या फीत मिळाली असती, असे मी यादीवरून काढून बघितले. बघायला नको होते.

आता वेळेचे. ऊस जातो नोव्हेंबर ते मार्च, बिल येते त्यानंतर. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ते १४ दिवसांत यायला हवे. ते किती वेळा येते हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि फी भरायची जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा हातात फक्त लागणीचा खर्च असतो. जागा मिळाल्यावर ती कायम करून कॉलेजात हजर व्हायला तीन-चार दिवसच मिळतात. त्या चार दिवसांत पैसे नाहीत म्हणून माणूस सावकाराच्या दारात जातो, नाहीतर पोराला म्हणतो, "पुढल्या वर्षी बघू." यासाठी बारावीच्या वर्षी ऊस बिल जमा झाल्याबरोबर पहिल्या वर्षाच्या फीइतकी रक्कम बाजूला ठेव म्हणून टाकावी, ट्रॅक्टरचा हप्ता आणि लग्नकार्य त्यानंतर. पात्र मुलींकडून माफीची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये असे शासनाने कॉलेजांना बजावले आहे. कोणी मागितलीच तर शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवावी.

कर्ज घ्यावे लागले तर शैक्षणिक कर्जच घ्यावे, जमिनीवर बोजा चढवून नव्हे. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि परतफेड शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होते. पण व्याज पहिल्या दिवसापासून धावते, हे पीककर्जाच्या सवयीने विसरू नका. शक्य तर शिकत असतानाच व्याज भरत जावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या मुलाला विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे पसंतीक्रम भरण्यापूर्वीच बघावे.

कागदांबद्दल थोडक्यात. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत बघावी. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढावा. केंद्रीय संस्थांसाठीच्या आर्थिक दुर्बल दाखल्याला एक काटा आहे: कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली तर उत्पन्न कितीही कमी असो, तो मिळत नाही. वाटणी तोंडी झालेली आणि सातबारा एकत्र, अशा घरांनी हे आधी तपासावे.

आणि ज्यांना हे सगळे झेपणारे नाही त्यांनी खचू नये. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, त्याची वेगळी प्रवेश प्रक्रिया असते. एक वर्षाची पदवीची फी वाचते आणि हातात मधल्या मध्ये एक कागद असतो. पदविकेला कमी लेखणारे लोक मी आयुष्यभर ऐकत आलो. तुमच्या उसाची टनेज वाढली तेव्हा माझा कागद कोणी विचारला नाही.

तात्यांची नात परवा स्वतः आली होती. तिने वहीत अठ्ठावीस नावे लिहून आणली होती, समोर तीन वर्षांचे क्रमांक. तिच्या फॉर्मवर पहिले नाव पुण्याचेच आहे. ते मिळणार नाही हे तिला माहीत आहे. मी विचारले तर म्हणाली, "फुकट हाय की, लिहायला काय जातंय?"

गेल्या तीन वर्षांच्या याद्यांच्या प्रती काढून गट ऑफिसात ठेवल्या आहेत. बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते एक मी तिथे असतो. येताना सातबारा नको. पोराला किंवा पोरीला घेऊन या.